हत्तींच्या भिंतीपाशी

नांदेड, ४ जुलै

धम्मानंद,

जय भीम. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून कागद घेतला. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकू नकोस. तुझा जन्म माझ्या हातात झाला आहे, तेवढ्या हक्कानं एक पान वाचून घे.

आधी कामाचं. सोबतच्या पार्सलात तुझ्या मायच्या चपला आहेत, तपकिरी. डाव्या चपलेचा अंगठा सुटत आला होता, तो मी शिवून घेतला. लंकेच्या यात्रेहून येताना त्या माझ्या पिशवीत राहिल्या. दुसऱ्या कुठल्या चपलेनं तिच्या टाचा सोलतात, म्हणून पाठवते आहे.

महामायेला तू लातूरला नेलंस त्याला तीन आठवडे झाले. इथं तिचं घर बंद आहे, तुळस आणि मोगरा मी पाणी घालून जगवते आहे. रोज सकाळी दोन कप चहा टाकते आणि मग आठवतं. अडतीस वर्षांची सवय आहे. किनवटला ती मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होती आणि मी उपकेंद्राची नर्स, तेव्हापासून सकाळचा चहा एकीचा दुसरीनं करायचा. तू मला तिच्याशी दोन मिनिटं बोलू दे. समोर उभा राहून ऐक हवं तर.

हैदराबादच्या विमानतळावर सगळ्यांसमोर तू म्हणालास, "मावशी, एकच काम सांगितलं होतं तुला. हात सोडू नको म्हनलो होतो." त्याचं उत्तर मला तिथं देता आलं नाही. आता देते, शांतपणे वाच.

ज्येष्ठ पौर्णिमा होती. अनुराधापूर हे त्यांचं दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर. तळी, खांब, पडक्या विहारांच्या ओळी आणि मधेच डोंगराएवढे स्तूप. आम्ही बावीसजण. निघण्याआधीच यात्रेचा म्होरक्या विनोद म्हणाला होता, "समद्या मावश्यांनी पांढऱ्या साड्या नेसा. म्हंजे गर्दीत आपली मान्सं लगेच दिसतील." नांदेड स्टेशनवर त्याची अक्कल चालली. चौदा बाया, चौदा पांढऱ्या साड्या, लांबून मोजून घ्याव्यात. पण पौर्णिमेला त्या देशात लहानथोर सगळेच पांढरं नेसून येतात, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. बसमधून उतरलो आणि बघतो तर नजर जाईल तिथं पांढरंच पांढरं. आपल्या चौदाजणी त्यात मिठासारख्या विरघळून गेल्या.

स्तुपाकडून बोधिवृक्षाकडे जाताना रस्त्यात रेटारेटी झाली. तिचा हात सुटला आणि ती कुठंतरी निघून गेली. दहा मिनिटांची गोष्ट. संध्याकाळी पाचाला सापडली. माझं काय चुकलं असेल तर एवढंच, की माझी पकड सैल पडली. सदुसष्ट वर्षांची बाई मी, माझ्याही मनगटात आता पहिला जोर नाही.

फोन सुरू कर रे बाबा. रागव, पण सुरू कर.

तुझी
पंचशीला मावशी


नांदेड, १९ जुलै

धम्मानंद,

पार्सल परत आलं. वर आरतीच्या अक्षरात चिठ्ठी: "मावशी, हे म्हणतात चपलांची गरज नाही. मम्मी आता बाहेर जात नाहीत."

ती ओळ मी चारदा वाचली. मग आरतीच्या ऑफिसात फोन लावला. तिच्यावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं म्हणून ती बोलली.

"बाहेर जात नाहीत म्हणजे काय गं?"

"सकाळी नऊला आमी दोघं निघतो मावशी. बाहेरून कुलूप लावून जातो. सहाला येऊन काढतो."

"आणि ती?"

"आधी दार वाजवीत राहायच्या. शेजारचे सांगायचे. आता गोळी चालू केलीय, निघताना देतो, तर झोपून राहतात."

"गोळी कुणी दिली?"

"डाक्टरनं. कागदावर लिवलंय की त्यांनी, घर सोडून भटकतात म्हणून. परदेशात हरवल्या होत्या म्हणून. आमी तरी काय करावं मावशी? ह्यांना रातभर झोप न्हाई. माय रस्त्यावर गेली तर, माय रस्त्यावर गेली तर, एकच चाललंय."

धम्मा, एकतीस वर्षं मी केसपेपर लिहिले. पेशंटबरोबर आलेला माणूस जे सांगतो, तेच पहिल्या ओळीत जातं. ती ओळ चुकली की पुढचं सगळं चुकत जातं. औषध, डोस, सगळं. 'घर सोडून भटकते' ही ओळ डॉक्टरला तू सांगितलीस, तुला मी सांगितली. ब्लॉक करण्याआधी तू त्या दवाखान्यातून मला फोन करून विचारलं होतंस, "नक्की काय झालं होतं मावशी?" आणि मी म्हणाले होते, उठून गेली.

आता एक कबूल करते. तिचं विसरणं मला दिवाळीपासून ठाऊक होतं. डाळीत तिनं चहापत्ती टाकली तेव्हा आम्ही दोघी हसलो. मग एकदा तुझ्या बापाच्या फोटोसमोर उभी राहून तिनं मला विचारलं, "ह्ये कोन गं?" तेव्हा हसू आलं नाही. मी तिच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. गॅसचा कॉक रात्री मी जाऊन बंद करायची. तू फोनवर विचारायचास, "मायचं बरं हाय ना?" आणि मी म्हणायची, ठणठणीत.

का लपवलं? तू यात्रा रद्द केली असतीस म्हणून. किनवटला वसतिगृहाच्या ओट्यावर बसून आम्ही दोघींनी ठरवलं होतं, रिटायर झालो की लंकेला जायचं आणि त्या बोधिवृक्षाखाली बसायचं. पुढं तिचा नवरा गेला, माझा गेला, तुझं शिक्षण, माझ्या मुलीचं लग्न. राहून गेलं. आणि या वर्षी मला दिसत होतं की पुढच्या वर्षी तिला झाडही कळणार नाही. म्हणून मी खोटं बोलले. त्याची शिक्षा मला दे.

पण तिला कोंडू नकोस. इथं नांदेडला ती एकदाही घराबाहेर चुकलेली नाही. दूध आणायला जायची आणि परत यायची, पिशवी विसरायची पण घर नाही. ती भटकणारी नाही. तू विचारशील, मग तिकडं कशी गेली? तिथं मुलूख परका होता, भाषा परकी होती, म्हणून गेली असेल. मला एवढंच सांगता येतं.

कुलूप काढ. तुझ्या पाया पडते. आग लागली तर काय करशील, एवढा तरी विचार कर.

पंचशीला मावशी


लातूर, ७ ऑगस्ट
तुझ्या दाराबाहेर, जिन्याच्या पायरीवर, दुपारचा दीड

धम्मानंद,

दुसऱ्या पत्राचंही उत्तर आलं नाही. सोमवारी आरतीनं सांगितलं की पंधरा तारखेनंतर तू मायला गावाबाहेरच्या त्या संस्थेत ठेवणार आहेस. तिथं फाटकाला चोवीस तास कुलूप असतं आणि रक्ताच्या माणसाशिवाय कुणाला भेटू देत नाहीत. आज सकाळी सहाची बस धरली. अहमदपूरला बस बदलावी लागली, साडेदहाला इथं पोचले. तीन जिने चढताना दोनदा बसले.

तुझ्या दाराला पितळी कुलूप आहे, चांगलं मुठीएवढं. मी दार वाजवलं. आत काहीच नाही. पुन्हा वाजवलं.

"माया, मी हाय. पंचशीला."

बऱ्याच वेळानं पायांचा आवाज आला. गोळीमुळं पाय ओढत चालते का ती? तशी वाटली.

"पंचे? किती उशीर केलास गं."

"दार उघड."

"चावी धम्माकडं हाय. मी निघून जाते ना, म्हनून लावून जातो. लई जीव हाय त्याचा माझ्यावर."

"तू निघून जातीस, असं कोन म्हनलं?"

"तूच म्हनलीस की. हत्तीपाशी. विनोदला म्हनलीस."

मी दाराला टेकून खालीच बसले. सकाळी काय खाल्लंस विचारलं, तर तिला आठवेना. आज वार कोणता, आठवेना. हे आठवत होतं.

म्हणून आता सगळं लिहिते. पहिल्या दोन पत्रांत मी अर्धं अर्धं लिहिलं. हे पत्र तू घरी आलास की तुझ्या हातात देईन, म्हणजे परत पाठवायची सोय राहणार नाही.

हात सुटला नव्हता. मी सोडला.

सहा दिवस आम्ही बरोबर होतो. त्या सहा दिवसांत तिनं मला दर पाच मिनिटांनी विचारलं, "पंचे, आपन कुठं आलोत?" लंकेत. "धम्मा आलाय का?" नाही. "मंग घरी कवा जायाचं?" नर्स असून सांगते, मी कंटाळले. रोग आहे हे कळत होतं आणि तरीही कंटाळले. पौर्णिमेच्या सकाळी दहाला आम्ही त्या मोठ्या पांढऱ्या स्तुपाच्या आवारात गेलो. चपला काढायच्या होत्या. आपल्याकडची सवय, चोरीला जातील म्हणून मी दोघींच्याही पिशवीत घातल्या. स्तुपाच्या भोवती एक भिंत आहे, आणि भिंतीतून हत्ती डोकं बाहेर काढून उभे आहेत, ओळीनं, एकाला लागून एक. त्यातल्या एका हत्तीखाली सावलीत मी तिला बसवलं.

ती म्हणाली, "पंचे, आपन कुठं..."

मी ओरडले. "गप बस हितं! मी येईस्तोवर उठशील तर याद राख." वसतिगृहातल्या पोरींवर ती कधी ओरडली नाही तशी मी तिच्यावर ओरडले. ती पदर सावरून, पिशवी मांडीवर घेऊन बसली.

मी एकटी बोधिवृक्षाकडे गेले. अडतीस वर्षं दोघींनी मिळून ठरवलेल्या झाडाखाली मी एकटी जाऊन बसले. विनोदला मी दहा मिनिटं सांगितली, तुलाही दहा मिनिटं लिहिली. पाऊण तास बसले होते. कुणी काही विचारत नव्हतं. मला फार बरं वाटलं धम्मा. 

परत आले. खूण काय, तर हत्ती. आणि बघते तर भिंतीच्या चारही बाजूंना हत्ती, शेकड्यानं, सगळे सारखे. चारही बाजूंना दारं, तीही सारखी. मी गेले एका दारानं आणि आले दुसऱ्यानंच. हत्तींखाली पांढऱ्या साडीतल्या बायाच बाया बसलेल्या. मी एकीएकीच्या तोंडाकडे बघत गेले. ती बाजू तीनदा पाहिली. माझी खात्री होती की बाजू हीच. मग वाटलं, उठली आणि गेली. मेली, उठू नको म्हटलं होतं तरी उठली, असा मला रागच आला.

विनोद भेटला. तिला बसवून मी एकटी गेले होते, हे मला त्याला सांगता आलं नाही. मी म्हणाले, बोधिवृक्षाच्या वाटेवर हात सुटला. बस, तिथून पुढं सगळे वाटेवर शोधत गेले. एकवीसजण तळ्यापाशी, बसथांब्यावर, पडक्या विहारांत. तिचा फोन त्या देशात लागत नव्हता. स्तुपापाशी कुणी शोधलंच नाही, कारण मी खोटी वाट दाखवली होती. समजतंय ना? तिला कुणी हरवलं असेल तर या वाक्यानं.

मी स्वतःही चुकले. दगडी खांबांच्या रानात शिरले, हजार तरी खांब असतील, वर छप्पर नाही. प्रत्येक वाट दुसऱ्या खांबांपाशी जायची. दगड तापलेले. पायांत चपला घालायचंही लक्षात आलं नाही, तळव्यांना फोड आले. तोंडानं काय बोलायचं, त्यांची भाषा येत नाही. एका भन्तेजींना हात जोडून "महामाया, महामाया" म्हणाले, तर त्यांना वाटलं मी बुद्धाच्या आईचं नाव घेते आहे. त्यांनी मला आशीर्वाद दिला. मी तिथं मोठ्यानं रडले. एका तळ्याच्या पायरीपाशी पांढरं कापड तरंगताना दिसलं आणि मी धावत पाण्यात उतरले. कापडच होतं.

पाचच्या सुमाराला माझ्यातलं त्राण संपलं. फिरून स्तुपाकडे आले आणि आता काही करता येत नाही म्हणून प्रदक्षिणा घालायला लागले. तोंडानं त्रिशरण, डोळ्यांतून पाणी. पूर्ण फेरी मी दिवसभरात पहिल्यांदाच घालत होते. दुसरी बाजू ओलांडून तिसऱ्या बाजूला वळले आणि ती समोर.

त्याच हत्तीखाली. तशीच, पिशवी मांडीवर. सावली केव्हाच सरकून गेली होती आणि ऊन तिच्या अंगावर होतं. शेजारी तिकडचीच एक म्हातारी बाई, तिच्या डोक्यावर छत्री धरून. दोघी मिळून बुद्धवंदना म्हणत होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण पाली दोघींना येत होती. बाईनं शहाळं दिलं होतं, तिनं दोन घोट घेऊन ठेवून दिलं होतं. का, ते मला मग कळलं. साडी खालून ओली होती. सात तास ती कशालाही उठली नव्हती.

मला बघून ती म्हणाली, "आलीस? तू म्हनलीस उठू नको, म्हनून उठले न्हाई. लई ऊन झालं बग."

मी तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. तेवढ्यात विनोद पळत आला, मागून सगळे. "कुठं सापडल्या मावशी?" आणि मी म्हणाले, "आत्ता आली फिरत फिरत. कुठं कुठं भटकत होती कुणास ठाऊक."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी रोज बघते. मग विनोदला म्हणाली, "हाव रे. चुकलेच मी. पंचीचा काय दोष न्हाई."

तिला खरंच तसं वाटलं, का तिनं मला पाठीशी घातलं, हे मला आजवर कळलेलं नाही. संध्याकाळी हॉटेलात मी तिचे पाय धुतले. तळव्यांना एक ओरखडा नव्हता, फोड नव्हता, धूळसुद्धा नव्हती. चपला दिवसभर माझ्या पिशवीत होत्या. सात तास त्या तापल्या दगडांवर अनवाणी भटकलेल्या बाईचे पाय असे असतात का? तूही विचारलं नाहीस, डॉक्टरनंही विचारलं नाही. मी पाहिलं होतं आणि तरी गप्प बसले.

हे पान डॉक्टरला दाखव. खाली माझी सही आहे, नाव आहे. 'घर सोडून भटकते' ही ओळ खोटी आहे आणि ती मी सांगितली आहे. बसमधून मी विनोदलाही फोन करून हेच सांगितलं. त्यानं फोन ठेवून दिला. आता बावीसजणांना कळेल, कळू दे.

तिला काहीच झालेलं नाही, असं मी म्हणत नाही. विसरणं खरं आहे आणि ते वाढत जाणार, तुझं नावही जाईल एक दिवस, तयार राहा. तिला सोबत माणूस पाहिजे, दाराला कुलूप नको. मी लातूरला खोली घेऊन राहायला तयार आहे, नऊ ते सहा येऊन बसेन. माझं तोंड बघायचं नसेल तर दुसरी बाई ठेव, मी शोधून देते आणि नांदेडला निघून जाते. मग मला पुन्हा कधी बोलवू नकोस. ते मला चालेल. ती कोंडलेली चालणार नाही.


तीच पायरी, साडेपाच

धम्मा, लवकर ये रे.

सकाळी दाराशी आले तेव्हा सवयीनं बोलून गेले, "माया, बस तू, मी हितंच हाय." तेव्हापासून ती दाराच्या आतल्या अंगाला जमिनीवर बसली आहे. मी बोलले की बोलते, मधूनमधून डुलकी लागते. समोरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. तिच्यापर्यंत फटीतून पाणी जात नाही.

दोनला म्हणाले, जा, आत जाऊन दोन घास खा. नाही उठली. चारला म्हणाले, उठ, पाणी तरी पी. नाही. मघाशी रडतच म्हणाले, अगं उठ ना बाई, मी सांगते ना, उठ.

आतून म्हणाली, "उठले की तू जातीस."

मी कुठंही जात नाही. तू ये आणि दार उघड.

पंचशीला